‘आजोबांवर गेलाय’ म्हणजे नेमकं काय आलं?

वाचकांचे प्रश्न : मन आणि व्यसन

गटारी जवळ आली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. या वेळी बहुतेक पत्रांत एकच शंका निरनिराळ्या शब्दांत आहे. कुणी ‘रक्तात आहे’ लिहितं, कुणी ‘घराण्यात आहे’, कुणी ‘वळणच तसं’. पुण्यातल्या वाचकांची काही पत्रं थोडक्यात देऊन उत्तरं देत आहोत. नावं छापलेली नाहीत.

सासरे दारूने यकृत खराब होऊन गेले. मिस्टर रोज घेतात. मुलगा १३ वर्षांचा आहे. त्याला जराही दम निघत नाही, दुसऱ्याचं बोलणं तोडतो, हातातलं टाकून भलतंच धरतो. सासूबाई म्हणतात, ‘आजोबांवर गेलाय, रक्तातच आहे.’ खरं आहे का? आणि आता काय करायचं?
— कोथरूड

सासूबाईंचं अर्धं म्हणणं बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्यातच तुम्हाला करण्यासारखं बरंच आहे.

डेन्मार्कमध्ये डोनाल्ड गुडविन आणि सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. जन्मानंतर काही आठवड्यांतच दत्तक गेलेले मुलगे मोठे झाल्यावर त्यांनी तपासले. जन्मदात्या आईला किंवा वडिलांना दारूचं व्यसन होतं अशा ५५ जणांपैकी १८ टक्क्यांना व्यसन लागलं होतं. बाकीच्या दत्तक मुलांत हे प्रमाण ५ टक्के होतं. म्हणजे पिणारा बाप डोळ्यांसमोर नसतानाही धोका तिपटीच्या वर गेला. पण हाच आकडा उलटा वाचा. ५५ पैकी बहुसंख्य, म्हणजे दर १० पैकी ८ जण, त्यातून सुटले होते.

नंतरच्या जुळ्यांच्या अभ्यासांतून अनुवंशाचा वाटा साधारण निम्मा निघतो. याचा अर्थ ‘तुमच्या मुलाला ५० टक्के धोका’ असा लावू नका. समाजात एकाला व्यसन लागतं आणि दुसऱ्याला लागत नाही, या फरकातला निम्मा भाग जनुकांच्या फरकातून येतो, एवढाच तो अर्थ आहे.

आता वारशात येतं काय? दारूची तहान घेऊन कुणी जन्माला येत नाही. मोठा भाग येतो तो स्वतःला आवरण्याच्या क्षमतेचा. सुरू झालेली कृती मधेच थांबवता येणं, समोरचं सोडून उद्याच्यासाठी थांबता येणं, डोक्यातला बेत भलत्या मोहातही धरून ठेवणं, या त्या क्षमता. उतावळेपणातही अनुवंशाचा वाटा निम्म्याच्या आसपास आहे. दारू, तंबाखू, नियम मोडण्याची ओढ आणि एडीएचडी (लक्ष न टिकणं, अति चंचलपणा) यांच्या मुळाशी बऱ्याच अंशी सामाईक जनुकं आहेत. म्हणून एकाच घरात आजोबा दारूचे, काका जुगाराचा आणि नातू शाळेत बाकावर न टिकणारा, असं दिसतं.

हे मोजायची एक साधी चाचणी आहे. संगणकाच्या पडद्यावर बाण येतो. डावीकडचा असेल तर डावं बटण दाबायचं, उजवीकडचा असेल तर उजवं, आणि दाबायचं ते झटपट. साधारण चारातल्या एका वेळी बाणानंतर क्षणभराने ‘टीं’ वाजतं. तसं वाजलं की हात आवरायचा. हळूहळू तो ‘टीं’ उशिरा वाजवत नेतात आणि अर्ध्या वेळा जमतं, अर्ध्या वेळा फसतं, अशी जागा गाठतात. त्यावरून माणसाला स्वतःला थांबवायला किती वेळ लागतो याचा हिशोब निघतो. तरुण निरोगी माणसात तो सेकंदाच्या पाव भागाच्या आत-बाहेर असतो. व्यसन असलेल्यांत सरासरीने जास्त लागतो. दारूला हात न लावलेल्या त्यांच्या मुलांतही काही अभ्यासांत आवर कच्चा दिसतो. मेंदूच्या लहरींतही खूण आहे. अनपेक्षित आवाज किंवा चित्र आल्यावर सेकंदाच्या साधारण एकतृतीयांशाने ‘पी ३००’ नावाची लाट उठते. व्यसनी वडिलांच्या, स्वतः कधी न प्यायलेल्या मुलग्यांत ती खुजी असते, असं हेन्री बेग्लायटर यांच्या गटाने १९८४ मध्ये दाखवलं. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतही अशा घरांतल्या मुलांवर याच दिशेने काम झालं आहे.

पण हे सगळे सरासरीचे फरक आहेत. दोन्ही गटांतल्या मुलांचे आकडे एकमेकांत इतके मिसळलेले असतात, की एका मुलाची चाचणी घेऊन ‘हा पिणार’ असं कुणालाही सांगता येत नाही. असं सांगणारा भेटला तर फी देऊ नका.

घरात काय करायचं ते आता. अशा मुलाला लांबचं बक्षीस ओढून नेत नाही. ‘परीक्षेत ८० टक्के मिळव, मग सायकल’ हे त्याच्यासाठी नसल्यासारखंच असतं. बक्षीस छोटं ठेवा आणि त्याच दिवशी द्या. सूचना एका वेळी एकच द्या. ‘दप्तर आवर, डबा ठेव, हात धू आणि बस’ यातली पहिलीच त्याच्यापर्यंत पोचते. खाऊचे पैसे महिन्याचे न देता आठवड्याचे द्या. संपले तर मधे भर घालू नका आणि भाषणही देऊ नका. झोप ८ ते १० तास हवी, कारण जागरणाने आवर आणखी ढिला होतो. संध्याकाळी तो कुठे आहे, कुणाबरोबर आहे, हे तुम्हाला माहीत हवं. ही पोलिसगिरी वाटली तरी तिचा उपयोग मोजलेला आहे. फिनलंडमधल्या १४ वर्षांच्या जुळ्यांत, पालकांचं लक्ष जिथे कमी तिथे सिगारेट ओढण्यातला जनुकांचा वाटा मोठा निघाला आणि लक्ष जास्त तिथे तो आक्रसला.

मिस्टरांना एवढं सांगा, की बर्फ, सोडा, चकणा आणायला मुलाला पाठवायचं नाही. ‘घरात एक घोट दिला की बाहेर जाणार नाही’ हा समजही अभ्यासांत टिकलेला नाही, उलट घरून दारू मिळालेली मुलं पुढे जास्त पिताना दिसतात. पहिला घोट जितका लांबेल तितकं बरं. १५ च्या आत सुरू करणाऱ्यांत पुढे व्यसनाचं प्रमाण २१ नंतर सुरू करणाऱ्यांच्या जवळपास चौपट आढळलं आहे.

मुलाचा हा उतावळेपणा शाळेतही दिसत असेल, सहा महिन्यांपेक्षा जुना असेल आणि १२ वर्षांच्या आधीपासूनचा असेल, तर एडीएचडीसाठी बालमनोविकारतज्ज्ञाकडून तपासून घ्या.

मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वडिलांना व्यसन होतं. मला मात्र चढतच नाही. चार लार्ज घेऊन मी मित्रांना खोलीवर सोडतो. म्हणजे मला धोका कमी ना?
— विमाननगर

उलट आहे, आणि तुझ्या पत्रातली सगळ्यात काळजीची ओळ हीच आहे.

अमेरिकेत मार्क शुकिट यांनी व्यसनी वडिलांच्या तरुण मुलांना मोजून दारू देऊन त्यांचं डोलणं आणि ‘चढल्याची’ जाणीव नोंदवली आणि त्यांच्यावर पुढे अनेक वर्षं लक्ष ठेवलं. ज्यांना कमी चढत होती, त्यांनाच पुढे जास्त प्रमाणात व्यसन लागलं. कारण सरळ आहे. दुसऱ्याला दुसऱ्या पेगनंतर शरीर ‘पुरे’ सांगतं. तुझ्या शरीरात ती घंटा उशिरा वाजते. हाही अनुवंशच, आवर कच्चा असण्यापेक्षा वेगळा. दोन्ही एकत्र आले तर गाडीला ब्रेकही नाही आणि स्पीडोमीटरही नाही.

आता हिशोब कर. आपल्याकडे ४२.८ टक्के ताकदीच्या दारूच्या ३० मिलिलिटरमध्ये सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. हे एक युनिट. तुझा लार्ज ६० चा, म्हणजे चार लार्ज आठ युनिटं, ८० ग्रॅम. क्वार्टरची बाटली १८० ची, सहा युनिटं. ६५० ची स्ट्राँग बिअर ८ टक्क्यांची असेल तर एकटी चार युनिटांची होते. ‘मी बिअरच घेतो’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. ७० किलोच्या मुलाने आठ ते अकरा या वेळात आठ युनिटं घेतली, तर रक्तात १०० मिलिलिटरमागे १०० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल असतं. मोटार वाहन कायद्यातली मर्यादा ३० ची आहे. तुला चढली नाही हे ब्रेथ अ‍ॅनालायझरला कळत नाही आणि समोरून येणाऱ्या डंपरलाही. शरीर तासाला एखादंच युनिट, बऱ्याचदा त्याहूनही कमी, जाळतं, म्हणून सकाळी सातच्या लेक्चरला निघतानाही ते रक्तात शिल्लक असू शकतं. लिंबू, कॉफी, गार पाण्याची अंघोळ यांनी हा वेग बदलत नाही.

महाराष्ट्रात बिअर-वाइनला २१ आणि बाकी दारूला २५ ही वयाची अट आहे, तेही जाता जाता. तुला पूर्ण बंद करणंच सोपं जाईल. ते नको असेल, तर ‘किती चढली’ हे माप सोडून दे. युनिटं मोज, आणि ती ओतण्याआधी मोज.

दारूची ओढ सांगणारी डीएनए चाचणी आणि संयम वाढवणारे ब्रेन गेम यांच्या जाहिराती येतात. मुलासाठी घ्यावेत का? शिवाय एडीएचडीच्या गोळीनेच पुढे व्यसन लागतं म्हणतात.
— सिंहगड रोड

चाचणी नको. दारूचं एक जनुक नाही. शेकडो ठिकाणी विखुरलेले चिमूटभर परिणाम आहेत आणि सगळ्यांची बेरीज करूनही एका माणसाचं भाकीत होत नाही. ‘वडील आणि आजोबा प्यायचे’ ही फुकटची माहिती त्यापेक्षा जास्त उपयोगी आहे. ब्रेन गेमने मुलगा त्या गेममध्ये तरबेज होतो, पण ते कसब गेमबाहेरच्या आयुष्यात फारसं उतरत नाही. आणि तज्ज्ञाने दिलेल्या मिथाइलफेनिडेट या एडीएचडीच्या गोळीने पुढचं व्यसन वाढतं असं अभ्यासांत आढळलेलं नाही. ती गोळी बंद करू नका, फक्त ताबा तुमच्याकडे ठेवा.

माझे मिस्टर अख्खा श्रावण आणि पुढे गणपतीपर्यंत थेंब घेत नाहीत. मग त्यांना व्यसन नाही ना? दीर म्हणतात, ‘मनात आणलं तर सोडतो, बघ.’
— हडपसर

श्रावण पाळता येणं आणि दोनवर थांबता येणं या मेंदूच्या दोन वेगळ्या कसोट्या आहेत. श्रावणात नियम ठरलेला असतो, घर पाळतं, मित्र पाळतात, कुणी आग्रह करत नाही. ‘शून्य’ला रोज नवा निर्णय लागत नाही. पहिला पेग पोटात गेल्यावर मात्र आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग स्वतःच सैलावतो. तिसरा घ्यायचा की नाही हे दोन पेग घेतलेला मेंदू ठरवत असतो. म्हणून महिनाभर न पिणाऱ्याला त्याच हंगामाच्या दोन्ही टोकांना, गटारीला आणि विसर्जनानंतर, थांबता येत नाही.

तेव्हा श्रावणाकडे बघू नका, त्याच्या कडांकडे बघा. श्रावणाच्या पहिल्या तीन-चार दिवसांत हात थरथरतात का, घाम येतो का, झोप उडते का, चिडचिड होते का? विसर्जनानंतर पहिल्याच बैठकीत प्रमाण जुन्यावर जातं का? मागच्या वर्षीपेक्षा युनिटं वाढली का? जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ नावाची दहा प्रश्नांची चाचणी आहे, तिचे ४० गुण असतात. ८ किंवा जास्त आले तर तज्ज्ञाशी बोलायचं. ती त्यांनी स्वतः आणि सकाळी भरावी. तुम्ही भांडणानंतर पुढ्यात टाकलीत तर तीन येतील.

एक मात्र मान्य करायला हवं, तुमच्या मिस्टरांकडे नियम पाळायची ताकद आहे. ती ‘कमी घेतो’वर खर्च करण्यापेक्षा ‘घेत नाही’वर केली तर जास्त पुरेल.

हिंजवडीत नोकरी. शुक्रवारी टीम ‘बसू या’ म्हणते. दरवेळी ठरवतो, दोनच. दरवेळी सहा. वडिलांचंही असंच होतं. इच्छाशक्ती वाढवायचा उपाय सांगा.
— वाकड

इच्छाशक्तीवर भिस्त ठेवलीत तर तुमच्यातल्या सगळ्यात कच्च्या कामगाराला सगळ्यात जड काम दिल्यासारखं होईल. त्याच्यावर वेळ येणार नाही अशी व्यवस्था करायची.

मानसशास्त्रात ‘जर-तर’ची योजना नावाचं साधं हत्यार आहे. पीटर गोल्विट्झर यांनी त्यावर बरंच काम केलं. वाक्य असं बांधायचं : ‘जर अमुक घडलं, तर मी तमुक करेन.’ यात फसतं ते दोन ठिकाणी. एक म्हणजे ‘जर’ पुसट असतो. ‘जर ताण आला तर’ हे चालणार नाही, कारण ताण नेमका कधी आला हे कुणाला कळतं? ‘जर’ डोळ्यांना दिसेल किंवा कानांना ऐकू येईल असाच हवा. दुसरं, ‘तर’मध्ये नकार असतो. ‘तर मी पिणार नाही’ म्हणजे पुन्हा थांबण्याचंच काम, आणि तेच तर जमत नाही. ‘तर’मध्ये काहीतरी सुरू करायचं असावं, आणि ते मिनिटाच्या आत सुरू होणारं असावं.

तुमच्यासाठी नमुना. ‘जर चॅटवर “बसू या” आलं, तर मी लगेच “आज जेवायला घरी” एवढं टाइप करून फोन बॅगेत ठेवेन.’ ‘जर मी टेबलाशी बसलोच, तर वेटर येताक्षणी स्वतः फ्रेश लाइम सोडा सांगेन.’ हातात भरलेला ग्लास असला की दुसरा कुणी ओतत नाही. रिकामा हात हेच आमंत्रण असतं. ‘जर कुणी दुसऱ्यांदा आग्रह केला, तर मी उठून बायकोला फोन लावेन.’ तीनच वाक्यं पुरेत. कागदावर स्वतःच्या अक्षरात लिहा, शुक्रवारी दुपारी मोठ्याने तीनदा वाचा.

बाकी तजवीज आदल्या दिवशीची, म्हणजे डोकं थंड असतानाची. पाचला पोटभर खा, उपाशी पोटी आवर लवकर सुटतो. पहिले सहा शुक्रवार सातची काहीतरी पैसे भरलेली बांधिलकी ठेवा. बॅडमिंटनचं कोर्ट, नाटकाचं तिकीट, काहीही. यूपीआयवर दिवसाची मर्यादा घाला. नेहमीचं वाइन शॉप रस्त्यात येत असेल तर वळसा घ्या, दहा मिनिटं जास्त गेली तरी. एकदा योजना फसली तर ‘मी फसलो’ लिहू नका, कुठलं वाक्य फसलं ते लिहा आणि तेवढंच बदला. बहुतेक वेळा ‘जर’ उशिराचा निघतो. टेबलाशी बसल्यावर सुरू होणारी योजना लिफ्टमध्ये सुरू व्हायला हवी होती, असं लक्षात येतं.

सहा आठवड्यांत फरक पडला नाही तर मनोविकारतज्ज्ञाकडे जा. पिण्यातली मजा कमी करणारी नाल्ट्रेक्सोन आणि ओढ कमी करणारी अकॅम्प्रोसेट ही औषधं आहेत. यकृत-मूत्रपिंडाच्या तपासण्या करून ती दिली जातात. ती घेणं हा कमीपणा नाही.

ओळखीच्यांनी दारू सोडवणारी पांढरी गोळी दिली आहे. भावाला न सांगता आमटीत घालू का? नाहीतर खोलीत कोंडून चार दिवस बंद करायचा विचार आहे.
— भोसरी

दोन्ही करू नका. दोन्हींत जीव जाऊ शकतो.

ती गोळी बहुधा डायसल्फिरामची आहे. दारूचं शरीरात आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं, आणि ते पुढे मोडणारं एन्झाइम ही गोळी बंद पाडते. गंमत अशी की पूर्व आशियात बऱ्याच लोकांत हे एन्झाइम जन्मतःच निकामी असतं. घोटभर घेतलं तरी चेहरा लाल, धडधड, मळमळ. म्हणून त्यांच्यात व्यसन कमी. अनुवंश वाचवतोही, तो असा. आपल्याकडे हा फरक फार क्वचित आढळतो. गोळी तीच अवस्था कृत्रिमपणे आणते, पण कितीतरी तीव्रतेने. नकळत खाल्लेल्या माणसाने नेहमीची क्वार्टर घेतली तर रक्तदाब कोसळतो, हृदय बंद पडू शकतं. परिणाम शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत राहतो. ही गोळी माणसाला सांगून, त्याच्या संमतीने, ईसीजी आणि यकृत तपासून, शेवटच्या पेगनंतर निदान १२ तासांनी सुरू करायची असते. आणि आमटीत सापडली तर भाऊ पुन्हा तुमच्या हातचं जेवणार नाही, हा तोटा वेगळा.

कोंडण्याबद्दल. रोज आणि सकाळपासून पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की सहा तासांनंतर थरथर सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दोन ते चार दिवसांत भ्रम होऊ शकतो. ताप, भास, भिंतीवर किडे दिसणं, माणसं न ओळखणं. त्या वेळी १०८ ला फोन करा आणि रुग्णालय गाठा. तिथे ग्लुकोज लावण्याआधी थायमिन (ब१ जीवनसत्त्व) देणं महत्त्वाचं असतं, म्हणून ‘रोज दारू घेतो’ हे लाज न बाळगता पहिल्या वाक्यात सांगा. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूमुळे होणाऱ्या मानसिक अवस्थाही येतात, तेव्हा नोंदणी नसलेल्या ठिकाणी जबरदस्तीने डांबणं कायद्यातही बसत नाही.

योग्य वाट अशी : ससूनचा मानसोपचार विभाग, किंवा येरवड्याचं मुक्तांगण, जे १९८६ पासून हेच काम करतं. भाऊ यायला तयार नसेल तरी तुम्ही जा, घरच्यांसाठी वेगळं समुपदेशन असतं. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन १४४४६ आहे. बोलायची वेळ सकाळची निवडा, तो शुद्धीवर असताना. एकाच माणसाने बोलायचं आणि एकच गोष्ट मागायची : ‘उद्या दहाला माझ्याबरोबर चल.’

घराण्यात पुरुषच पितात. मुलीची काळजी नाही ना?
— सदाशिव पेठ

अनुवंशाचा वाटा स्त्रियांतही जवळपास तेवढाच असतो. आजवर तो दिसला नाही, कारण त्यांच्यासमोर ग्लास आला नाही. शिवाय स्त्रीच्या शरीरात पाणी कमी असल्यामुळे त्याच पेगने रक्तातलं प्रमाण जास्त चढतं आणि यकृताचं नुकसान लवकर होतं. पहिल्या पत्राचं उत्तर मुलीसाठीही तसंच्या तसं वाचा. तिच्याशी बोलायचं ते बाहेरगावी हॉस्टेलला जाण्याआधी, आणि आजोबा कशाने गेले हे खरं सांगून.